आवाज करते म्हणून रिजेक्ट

शैलजाकाकू कॉम्प्युटरवर भराभरा टाइप करत होत्या आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावर क्रोशाचं झालरीचं कव्हर तसंच होतं.

मी दारातच थिजले. कढीपत्ता मागायला गेले होते. खरं म्हणाल तर कढीपत्ता आमच्या अंगणात ढीगभर आहे, पण आदल्या संध्याकाळी काकूंकडे, देशकरांच्या घरी, जावयाचा फोन मोठमोठ्यानं चालला होता आणि त्याचा शेवट मला भिंतीपलीकडून नीट ऐकू आला नव्हता. आता समोर हे. कानात पांढऱ्या तारा, मान सरळ, बोटं धावताहेत, आणि डोळ्यांपुढे क्रोशाचा मोर.

"काकू," मी म्हटलं, "कव्हर काढायचं राहिलं."

बोटं थांबली. काकूंनी एक तार कानातून काढली, पण मान माझ्याकडे वळवली नाही. माझ्या उजवीकडच्या कपाटाकडे वळवली.

"विनता का?"

"हो."

"एकटीच आहेस?"

"एकटीच."

"मग दार लाव."

दार लावून मी जवळ गेले तसं त्यांनी ती तार माझ्या कानात घातली. पत्र्याच्या डब्यात गांधीलमाशी कोंडावी आणि तिला मराठी शिकवावं, तसा एक आवाज काहीतरी प्रचंड वेगानं वाचत होता. मला त्यातले 'आणि' आणि 'नाही' एवढेच शब्द कळले.

"हा कोण?"

"हाच वाचतो आता. मला दिसत नाही गं."

मी खाली बसले. जबलपूरच्या महाराजपुरातल्या आमच्या गल्लीत कुणी दूधवाला बदलला तर त्याला स्वतःला कळायच्या आधी मला कळतं, अशी माझी ख्याती. आणि भिंतीला भिंत लागून असलेल्या घरातली बाई आंधळी होत गेली, हे मला कळलं नाही. काचबिंदू. डावा डोळा केव्हाच गेला, उजव्यातून शहाळ्याच्या नळीतून बघावं एवढं दिसायचं, आणि आता त्या नळीतही धुकं भरत होतं. मी आजवर त्यांना 'काकू, ओळख विसरलात का' म्हणून रस्त्यात किती वेळा चिडवलं असेल.

काकू केंद्र सरकारच्या ऑफिसात स्टेनो होत्या, त्यामुळे बोटांना अक्षरं पाठ. त्यांच्या ऑफिसातले सुमेधजी जन्मापासून न पाहणारे. त्यांनी फोनवरून एकेक पायरी सांगत काकूंकडून हा वाचणारा प्रोग्राम बसवून घेतला होता. सकाळचा पेपर, गोष्टींची पुस्तकं, नात समिधाचे मेल, सगळं हीच गांधीलमाशी वाचायची. गल्लीला वाटायचं, काकू भजनं ऐकतात.

"हे बंद पडलं तर मी नुसती बसून राहीन," त्या म्हणाल्या.

"आणि नाना? त्यांना माहीत आहे ना?"

"नाही. आणि कळता कामा नये. तूच सांग, त्यांना ओळखतेस ना?"

ओळखते म्हणजे काय. काकूंचे यजमान, बंडू नाना देशकर. जबलपूरच्या मराठी घरात कुणी रेल्वेत, कुणी तोफांच्या कारखान्यात, कुणी बंदुकीच्या गोळ्यांत. नाना कारखान्यात इन्स्पेक्शनला होते. आयुष्यभर एकच काम: माल गेजमध्ये, म्हणजे मापाच्या साच्यात, बसला तर पास, नाही तर रिजेक्ट. रिटायरमेंटच्या दिवशी हार घालून माणसाला घरी सोडलं, पण गेज काही काढून घेतलं नाही. ग्वारीघाटावर दिवा सोडायला गेले की पानाचा द्रोण आधी पाण्यात दाबून गळतो का ते बघतात. फुलवाली एकदा म्हणाली, "बाबूजी, इतना तो नर्मदा मैया भी नहीं देखती." माझ्या भाचीला बघायला मुलगा आला, तर नानांनी त्याला फाटकापर्यंत चालत जाऊन परत यायला लावलं, आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "डाव्या चाकात खोट आहे." लग्न झालं, जावई उत्तम निघाला, पण आता तो चालायला लागला की आम्ही सगळे डावा पायच बघतो.

त्यांचे नियम दोन. पहिला, घरातली वस्तू बिघडली की ती कंडम, आणि कंडम वस्तू संध्याकाळी घरात दिसता कामा नये. तीही नुसती टाकायची नाही, आधी मोडायची, म्हणजे कुणी उचलून परत वापरणार नाही. काकूंच्या माहेरचं घड्याळ पाच मिनिटं मागे पडायचं म्हणून हातोडी खाऊन गेलं. आणि दुसरा नियम, चांगली मशीन आवाज करत नाही.

काकूंना भीती कशाची, हे आता कळलं का? "मला काही ते भंगारात देणार नाहीत गं," त्या म्हणाल्या, "पण हातातून सगळं काढून घेतील. गॅस, किल्ल्या, एकटीनं घाटावर जाणं. काळजीनंच काढतील, पण काढतीलच."

मी शपथ घेतली. काकूंनी माझ्याकडे, म्हणजे कपाटाकडे, फार वेळ संशयानं पाहिलं.

तर ह्या सगळ्यात जावयाचा तो फोन. काकूंच्या कॉम्प्युटरच्या जुन्या डब्यावर विंडोज टेन होतं, आणि त्याची मुदत संपल्याची बातमी नानांनी पेपरात वाचली. त्यांच्या लेखी ही सरळ रिटायरमेंटची ऑर्डर. "सर्व्हिस खतम, माल कंडम," असं जाहीर झालं. विजय नगरचा दुकानदार म्हणाला, नवं विंडोज ह्या जुन्या डब्यावर चढणार नाही, नवा डबा घ्या. समोरच्या घरातला गौतम टेलिफोन ऑफिसात आहे, तो म्हणाला, डबा चांगला आहे, विंडोजऐवजी लिनक्स टाकू, फुकट आहे आणि हवं तसं बदलता येतं. आणि पुण्याचे जावई अनिमेषराव म्हणाले, माझा मॅक लॅपटॉप पडून आहे, पाठवतो. तीन पार्ट्या. नाना त्या दिवशी गल्लीतून शीळ घालत फिरले. रिटायर झाल्यापासून त्यांच्यापुढे इतका मोठा माल तपासणीला आला नव्हता.

काकूंनी मला मागच्या दाराशी बोलावलं. "विनते, त्यांना बोलणारं घ्यायला लाव. मराठी बोलणारं. पण मी सांगितलं असं नको."

मी लगेच गौतमला गाठलं. "काय रे, तुझं ते लिनक्स बोलतं का?"

"बोलता है ना आंटी. मराठी पण बोलतं."

"मग रविवारी नानांसमोर बोलून दाखव. मी खूण करीन तेव्हा."

"पर क्यों?"

"काहून ते विचारू नको. मोठ्यांचं ऐकावं."

रविवारी सकाळी देशकरांच्या बैठकीत टेबलावर धुतलेली चादर, तिच्यावर तीन मशिनी. काकू आत सांबारवड्या, म्हणजे कोथिंबिरीच्या वड्या, तळत होत्या. मी म्हटलं, "नाना, काकूंना बोलवा ना बाहेर. चालवणार तर त्याच आहेत."

"तोफ तपासताना जवानाला बोलावतात काय? आम्ही पास करतो, तो चालवतो."

मग त्यांनी खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला. त्याचं टोक मशीनवर टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची. कारखान्यात असंच बेअरिंग ऐकतात म्हणे. दुकानदाराचा नवा डबा ऐकून झाला. "पंख्यात घरघर आहे," नाना म्हणाले, आणि डबा बाजूला.

गौतमनं आपला लॅपटॉप पुढे केला. तो तळमळीनं सांगत होता, पंखा अगदी सावकाश फिरत होता, आणि नानांची मान हळूहळू डोलायला लागली होती. मी मनात म्हटलं, हीच वेळ. खूण केली. गौतमनं तीन बटणं एकदम दाबली.

तीच गांधीलमाशी. "खिडकी. बटण. बंद करा."

नाना खुर्चीसकट मागे सरकले. "काहून बोलून राहिली ही?"

"अंकल, जो स्क्रीन पे लिखा है, वो पढ़ रही है."

"मला डोळे आहेत."

आतला झारा थांबला. मला स्पष्ट ऐकू आलं.

"आवाज करते. रिजेक्ट."

"नाना, बोलणारी बरी असते हो," मी घाईनं म्हटलं. "घरात सोबत होते."

"सोबतीला तू आहेस शेजारी. तेवढा आवाज पुरे आहे."

मग जावयाचा मॅक. त्याला पंखाच नव्हता. नाना स्क्रूड्रायव्हर लावून इतका वेळ ऐकत राहिले, की मला वाटलं डोळा लागला. शेवटी मूठ कानापासून काढली आणि हळूच म्हणाले, "ह्याला म्हणतात मशीन." वर जावयाची भेट, ती रिजेक्ट करायची हिंमत इन्स्पेक्टरातही नसते. पास झाला. सांबारवड्या आल्या. काकूंनी माझ्या ताटलीत वडी ठेवली ती ताटलीच्या बाहेर, आणि मी ती पटकन उचलून तोंडात कोंबली.

माझी करामत अशी अंगाशी आली. पण खरा दणका अजून यायचाच होता.

दुपारी आम्ही जेवत होतो आणि पलीकडून ड्रिल मशीनचा आवाज आला. मी उष्ट्या हातानं पळत गेले. अंगणात नाना, लोखंडी शिकंज्यात आवळलेली जुन्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क, आणि तिच्या ऐन मध्यातून आरपार भोक.

"नाना, हे काय केलं?"

"डिस्क अशी बाहेर जाऊ देत नसतात. डिफेन्सचा नियम आहे."

"ह्यात कुठल्या तोफेचा नकाशा होता?"

"नियम म्हणजे नियम."

काकू मागच्या दाराची चौकट धरून उभ्या होत्या. जमवलेली पुस्तकं, समिधाचे जपून ठेवलेले मेल, तो वाचणारा आवाज, सगळं त्या भोकातून गेलं होतं. काकू एवढंच म्हणाल्या, "झालं का? या मग, भात निवून राहिला."

 नानांना तर पत्ताच नव्हता की आपण काय मोडलं.

पुढे नवीन नियम निघाला. पास झालेला माल काही दिवस 'ऑब्झर्वेशन'वर असतो, म्हणून मॅकच्या सेटिंगला कुणी हात लावायचा नाही. सुमेधजींना फोन करून तोही बोलता करता आला असता, पण नाना शेजारी खुर्ची टाकूनच बसायचे. काकू रोज त्या मुक्या मशीनपुढे बसायच्या आणि बोटं हलवायच्या. "काल पूर्ण सकाळ मी काय लिहिलं ते देवालाच माहीत," त्या मला म्हणाल्या. पेपर नाही, गोष्ट नाही. समिधाचा मेल आला असेल तर तो आत कुठेतरी मिटून पडलेला. काकूंचा चेहरा उतरत चालला. मी नानांना सांगू म्हटलं की त्या म्हणायच्या, "शपथ."

मग ती सकाळ. मी चटणी द्यायला म्हणून गेले. काकू लॅपटॉपसमोर, पडद्याकडे बघून मंद हसताहेत. नाना चहाचा कप घेऊन बाजूला.

"चित्र किती स्वच्छ आहे, नाही?"

"हो ना, फारच."

"काय वाचून राहिलीस?"

"पेपर."

मी काकूंच्या मागे उभी होते. पडदा काळा ठिक्कर. मशीन केव्हाची झोपी गेली होती. त्या काळ्या काचेत काकूंचं हसू दिसत होतं, आणि त्यामागे माझं उघडं तोंड. आयुष्यात कधी नव्हे ते काहीतरी आवाज करायला हवा होता, चटणीची वाटी पाडायला हवी होती. ती उलट मी घट्ट धरली.

नाना बातमी बघायला पुढे वाकले, आणि तसेच राहिले.

"पहिल्या पानावर काय आहे?" त्यांनी विचारलं. आवाज अगदी खाली.

"नेहमीचंच. थंडी वाढली म्हणे."

नानांनी कप ठेवला. काकूंच्या डोळ्यांपुढून सावकाश हात फिरवला. ह्या माणसाच्या नजरेतून कधी केसाएवढा फरक सुटला नव्हता.

"शैलू," ते म्हणाले. हे नाव मी एवढ्या वर्षांत त्या घरातून ऐकलेलं नाही. "पडदा काळा आहे."

काकूंचं हसू थोडा वेळ तिथंच राहिलं, निघायचं कसं ते न कळल्यासारखं. मग त्यांनी लॅपटॉप चाचपून मिटला.

"मला काहून नाही सांगितलं?"

"तुमच्या घरात बिघडलेली वस्तू संध्याकाळपर्यंत राहत नाही हो."

 नाना माझ्याकडे वळले. "तुला माहीत होतं?"

"हो."

"आणि गल्लीत?"

"कोणालाच नाही."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू आता कशावरच भरवसा ठेवायला जागा उरली नाही.

ते उठून अंगणात गेले. मी मागे गेले, जाणारच. भंगाराच्या डब्यात ती डिस्क अजून होती. नानांनी ती उचलली, डोळ्याला लावली आणि भोकातून आधी आभाळाकडे पाहिलं, मग घराकडे.

"एवढंच दिसत असेल का गं तिला?"

"आता तेवढंही नाही, नाना."

ते पायरीवर बसले. डिस्क हातात तशीच. म्हणाले, "घरातला सगळा माल पाहिला मी." आणि पुन्हा भोकातून घराकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी तेच जाऊन गौतमला घेऊन आले. टेबलावर पुन्हा चादर, पुन्हा मशिनी. फक्त ह्या वेळी खुर्चीवर काकू होत्या आणि नाना उभे. विजय नगरच्या दुकानदाराकडचा डबाही परत मागवला होता. तिन्हींना बोलतं केलं. म्हणजे बोलता तिन्हींना येत होतंच, आजवर कुणी बोलू दिलं नव्हतं. मॅकचा आवाज तर विमानात चहा विचारणाऱ्या पोरीसारखा. नाना खूश झाले. "हीच ठेव. गोड आहे."

"गोड आवाज एका पानापुरता बरा," काकू म्हणाल्या. "आख्खं पुस्तक ऐकलं तर झोप लागते. दुकानातलीही तशीच. आणि ह्या दोघांची बटणं माझ्या बोटांना परकी आहेत. माझा डबा आणा."

आदल्या संध्याकाळीच भंगारातून काढलेल्या जुन्या डब्यात गौतमनं रात्रीतून नवी डिस्क घालून लिनक्स चढवलं होतं. काकूंनी आपला जुना, अक्षरं झिजलेला कीबोर्ड ओढला. बोटं जागेवर बसली तशी मानही सरळ झाली. गांधीलमाशी बोलू लागली. काकूंनी तिचा वेग वाढवला, मग आणखी वाढवला, इतका की आमच्यासाठी ती नुसती भुणभुण उरली. काकू मात्र ऐकता ऐकता हसल्या. समिधाचा मेल होता. परीक्षेत गणितात काठावर पास झाली, आईला सांगू नको, असं लिहिलं होतं. हे मला नंतर कळलं. तिच्या आईला, म्हणजे काकूंच्या रश्मीला, अजून कळलेलं नाही.

"हेच," काकू म्हणाल्या.

"पण हे समजतं कोणाला?"

"जिला चालवायचं आहे तिला."

नानांचा हात सवयीनं खिशातल्या स्क्रूड्रायव्हरकडे गेला होता. तो त्यांनी रिकामाच बाहेर काढला. "ओके," म्हणाले. मग जरा घुटमळून, "पास मालाला आम्ही रंगाचा ठिपका लावतो. कुठे लावू?"

"रंग लावायचाच असेल तर पायऱ्यांना लावा. पिवळा. पिवळं अजून थोडं दिसतं."

दोन दिवसांत देशकरांच्या घरात प्रत्येक उंबऱ्याला, प्रत्येक पायरीच्या कडेला कारखान्यात असतो तसा पिवळा पट्टा आला. तुळशीच्या ओट्यालाही आला. गल्लीतल्या लोकांना वाटलं, नाना कामातून गेले. गॅस त्यांनी काढून नाही घेतला. पहिल्या दिवशी शेगडीपाशी पहारा द्यायला उभे राहिले होते, काकूंनी झारा दाखवून बाहेर काढलं. डॉक्टरकडे आता दोघं मिळून जातात. उरलेलं तेवढं टिकवायचं आहे. जावयाचा मॅक नाना स्वतः वापरतात. आवाज करत नाही.

परवा मी पुन्हा कढीपत्ता मागायला गेले. पडद्यावर क्रोशाचा मोर होता, आता राजरोस. काकूंनी एक तार काढली. मी बसले आणि पलीकडच्या गल्लीतल्या एका लग्नाची मोडता मोडता जुळलेली हकीकत सांगायला घेतली, मुलाच्या आत्यापासून. रंगात आले होते.

"विनते," काकू मध्येच म्हणाल्या, "तुला बरं नाही का गं?"

"काहून?"

"अशी थांबून थांबून काय बोलून राहिलीस?"

मी. थांबून थांबून. लहानपणी शाळेत मला बोलण्यासाठी बाकावर उभं करायचे. माझ्या सासूबाई मला रेडिओ म्हणायच्या. 

नाना लॅपटॉपमागून, मान वर न करता म्हणाले, "गौतमला विचार. तिचाही स्पीड वाढवायचं बटण असेल."

मी कढीपत्ता न घेताच घरी आले.